कोविडच्या बॅचला लेबर रूममध्ये नेमकं काय कमी पडतं आणि ते कसं भरून काढायचं

तुझा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू २०१८ ला जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला प्रवेश घेतलास. मिडवायफरीचं तिसरं वर्ष नेमकं कोविडमध्ये आलं. लेक्चर मोबाइलवर, प्रॅक्टिकल पुतळ्यावर. केस बुक भरलेलं, पण खरोखर तुझ्या हातावर झालेली बाळंतपणं मोजकीच. पास झाल्या झाल्या कोल्हापुरात एका खासगी आयसीयूत नोकरी लागली, तिथं तू रमलीस. आता एनएचएममधून (राष्ट्रीय आरोग्य अभियान) जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) कंत्राटी स्टाफ नर्स म्हणून लागली आहेस. रात्री तू आणि मावशी, डॉक्टर क्वार्टरवर. पोटावर हात ठेवला की ‘बाळाचं डोकं असावं’ असं वाटतं, पण छातीठोकपणे सांगता येत नाही. पुन्हा पुस्तकं काढून बसावं की ही पोस्टच सोडावी, असं विचारलं आहेस. आणि वर आता तुझ्याकडेच एएनएमच्या (साहाय्यक परिचारिका कोर्सच्या) मुली पोस्टिंगला येतात, त्यांना काय शिकवणार?

तुला ‘तू’च म्हणते, माझ्या विद्यार्थिनी तुझ्याच वयाच्या. मी आधी लेबर रूममध्ये आणि नंतर ट्यूटर म्हणून याच जिल्ह्यात काम केलं. कोविडमध्ये तुझ्यासारख्याच मुली माझ्यासमोर होत्या, म्हणजे खरं तर फोनच्या स्क्रीनवर होत्या.

पोस्ट सोडू नकोस. आणि पुस्तकंही सगळी नव्यानं काढू नकोस, कारण तुमच्या बॅचची थिअरी कच्ची नाही. ऑनलाइनच्या काळात थिअरी उलट जास्तच झाली. प्रसूतीच्या चारही अवस्था, त्यांची लक्षणं, औषधांचे डोस तुम्ही धडाधड सांगता. मुलाखतीत तुमच्या बॅचच्या मुली जुन्या बॅचपेक्षा चांगली उत्तरं देतात, हे मी स्वतः पाहिलंय. तुमचं हुकलं ते दुसरंच. कळा सुरू झालेल्या बाईजवळ तासन् तास नुसतं बसणं हुकलं.

आमच्या वेळी, आणि अगदी २०१९ पर्यंतही, लेबर रूमच्या पोस्टिंगला आलेल्या मुलीला सिस्टर एक बाई नेमून द्यायच्या. “ही तुझी. मोकळी होऊन वॉर्डात जाईपर्यंत हिला सोडायचं नाही.” झालं शिक्षण सुरू. मग ती मुलगी कंबर चोळायची, पाणी पाजायची, लघवीला घेऊन जायची, अर्ध्या अर्ध्या तासानं बाळाचे ठोके ऐकायची, पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली ते लिहायची. मधे दोन तास काहीच घडायचं नाही. मुलींना कंटाळा यायचा, त्या कुरकुरायच्या. पण त्या काहीच न घडणाऱ्या वेळातच हाताला आणि कानाला सवय लागायची. पहिलटकरणीच्या कळा आणि तिसऱ्या खेपेच्या बाईच्या कळा वेगळ्या असतात, हे वाचून कळतं. त्यातला फरक किती, हे बसल्यावरच कळतं.

तुझ्या पीएचसीतल्या मावशीचं उदाहरण घे. तिला पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा तक्ता, भरता येत नाही, गर्भपिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलंय हे ती सांगू शकत नाही. पण ती झाडू मारता मारता थबकते आणि म्हणते, “सिस्टर, बाईचा आवाज बदलला बघा.” तू जाऊन बघतेस तर तोंड पूर्ण उघडलेलं असतं. मावशीनं काय ऐकलं? कळ आली की बाई आधी ‘आई गं’ म्हणून वर ओरडत होती. आता ओरडणं मधेच तुटतंय, श्वास रोखला जातोय, घशातून दाबल्यासारखा आवाज येतोय. शिवाय “संडासला लागलंय” म्हणतेय, पाय थरथरताहेत, मघाशी नवऱ्याला बोलवा म्हणणारी आता कुणी अंगाला हात लावू नका म्हणतेय. हे सगळं पुस्तकात आहे. मावशीनं ते पुस्तकातून घेतलेलं नाही, एवढंच. तिच्याकडून शिकायला लाजू नकोस.

तुमच्या वाट्याला हे का आलं नाही, तेही नीट समजून घे, म्हणजे स्वतःला उगाच दोष देणार नाहीस. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला आणि विद्यार्थिनींचं पोस्टिंग एका रात्रीत बंद झालं. सीपीआर हे जिल्ह्याचं सगळ्यात मोठं सरकारी रुग्णालय, तेच कोविडसाठी राखलं गेल्यावर बाकीचे पेशंट दुसरीकडे वळले. बाळंतपणं थोडीच थांबणार होती. ती वाटली गेली. कुठं ग्रामीण रुग्णालयात, कुठं खासगी नर्सिंग होममध्ये, जिथं विद्यार्थिनींना प्रवेशच नव्हता. पोस्टिंग परत सुरू झालं तेव्हा नियम असा, की लेबर रूममध्ये कमीत कमी माणसं. मुलीला बाहेर बसवायचं आणि डोकं दिसायला लागलं की आत घ्यायचं. ती पीपीई किट चढवून आत येईपर्यंत बाळ बाहेर. दोन हातमोजे एकावर एक, त्यामुळे पीव्ही (योनीमार्गातून बोटांनी तपासणी) करताना बाळाच्या डोक्याची टाळू आणि सांधे बोटाला लागायचे नाहीत. गॉगलवर धुकं. बाईच्या तोंडावर मास्क, म्हणजे चेहऱ्यावरून जे वाचायचं तेही झाकलेलं. सोबत आई नाही, सासू नाही, त्या गेटबाहेर. तुम्ही पाहिलीत ती प्रसूतीची शेवटची दहा मिनिटं. आधीचे दहा-बारा तास आणि नंतरचे दोन तास तुम्हाला कुणी दाखवलेच नाहीत.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. ब्रिटनमध्ये तर पहिल्या वर्षाच्या मिडवायफरी विद्यार्थिनींचं प्रत्यक्ष काम थांबवलं आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींना पगारी कामावर येण्याची मुभा दिली. देशोदेशीच्या विद्यार्थिनींनी नंतर सांगितलेले अनुभव वाचले तर तेच आढळतं: पोस्टिंग अचानक बंद, आठवड्याला बदलणारे नियम, घरी आजार नेऊ की काय ही धास्ती, आणि हातानं करायचं ते स्क्रीनवर बघावं लागल्याची खंत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० हे वर्ष परिचारिका आणि मिडवाइफ यांचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलेलं होतं. त्याच वर्षी हे व्हावं! असो.

आपल्या भागात त्यात आणखी एक भर पडली. दुसरी लाट पुण्या-मुंबईकडे ओसरली तरी कोल्हापुरात २०२१ च्या जून-जुलैपर्यंत रेंगाळली, आणि जुलैच्या अखेरीस पूर आला. हायवे शिरोलीजवळ बंद, गगनबावड्याचा रस्ता पाण्याखाली. मिडवायफरीचं उरलंसुरलं पोस्टिंग त्यात गेलं. चंदगड, आजरा, शाहूवाडीकडच्या मुली तर लेक्चरला रेंज मिळावी म्हणून घरामागच्या टेकाडावर जाऊन बसायच्या. घरात एकच स्मार्टफोन, तो भावाच्या बारावीला आणि हिच्या लेबर मेकॅनिझमच्या लेक्चरला वाटून. पुठ्ठ्याला १ ते १० सेंटिमीटरची भोकं पाडून डोळे मिटून बोटांनी ओळखायला मी मुलींना सांगायचे. ते बरं जमायचं. पण पुठ्ठा मऊ नसतो, गरम नसतो आणि कळ आल्यावर घट्ट होत नाही.

आता आकड्यांविषयी. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या तुमच्या वेळच्या अभ्यासक्रमात विद्यार्थिनीनं २० नैसर्गिक प्रसूती स्वतः करायच्या होत्या. ब्रिटनमध्ये ४०. हे आकडे महामारीत कागदावर कसे पूर्ण झाले, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. एका केसवर चार मुली उभ्या, आणि चौघींच्या केस बुकात तीच बाई. मुलींना मी दोष देत नाही, परीक्षेला बसायचं तर दुसरा रस्ताच नव्हता. पण आता तू ‘माझ्या २० कधी पूर्ण होणार’ या हिशोबात अडकू नकोस. पीएचसीत महिन्याला होणारी बाळंतपणं मोजकीच, त्या गतीनं आकडा गाठायला वर्ष जाईल. त्याऐवजी दाखल झाल्यापासून बाळंतपणानंतर दोन तासांपर्यंत पूर्ण सोबत राहिलेली बाई, अशी नोंद ठेव. अशी एक बाई घाईत उरकलेल्या पाचांपेक्षा जास्त शिकवते. ड्यूटी संपली आणि बाई अजून मोकळी झाली नसेल, तर जमेल तेव्हा थांब. जादा ड्यूटी म्हणून नव्हे, शिकायला म्हणून. कायम असंच कर असं मी म्हणणार नाही. कंत्राटी नोकरीत आधीच पिळवणूक पुष्कळ आहे. सुरुवातीचे काही महिने पुरे.

पोटाची तपासणी हा तुझा खरा अडलेला प्रश्न, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी तुझ्या पीएचसीत उपकेंद्रांवरच्या गरोदर बाया एकत्र येतात. कितीतरी पोटं एका दिवसात, आणि त्यातल्या कुणालाच कळा नसतात, म्हणजे घाई नाही. त्या दिवशी वजन-बीपीचं टेबल दुसऱ्या कुणाला दे आणि तू तपासणीच्या खाटेजवळ उभी राहा.

बाईला आधी लघवी करून यायला सांग. भरलेल्या लघवीच्या पिशवीवर भले भले फसतात. तिला उताणी झोपवून गुडघे थोडे दुमडायला लाव, पोटाचे स्नायू सैल पडतात. हात गार असतील तर चोळून गरम कर. गार हात लागला की पोट आक्रसतं आणि मग काही कळत नाही. आधी नुसतं बघ. पोट उभट दिसतंय की आडवं पसरट? मग वरच्या टोकाला दोन्ही तळहात ठेव. मऊ, रुंद, नीट न हलणारं लागलं तर कुल्ले. टणक, गोल आणि बोटांनी टिचकी दिल्यासारखं करताच डुलणारं लागलं तर डोकं वर आहे. मग दोन्ही बाजूंना. एक हात स्थिर ठेव, दुसऱ्यानं चाचप. एका बाजूला सलग, सपाट, कडक: ती पाठ. दुसऱ्या बाजूला उंचसखल, हातापायांचे गोळे. मग खाली, बाईच्या पायांकडे तोंड करून, दोन्ही हातांची बोटं ओटीपोटात दोन्ही बाजूंनी आत घाल. डोकं अजून वर असेल तर बोटं त्याच्याखाली एकमेकांकडे वळतात. डोकं उतरलं असेल तर बोटं बाहेर फाकतात. डोक्याचे पाच भाग धरले तर त्यातले किती अजून वर लागतात ते लिही.

आता मुद्द्याचं. बोटांवरून झालेला निष्कर्ष आधी कागदावर लिही, मग सोनोग्राफीचा रिपोर्ट उघड. तुमच्या बॅचची सवय उलटी आहे: आधी रिपोर्ट वाचायचा, मग हाताला तेच लागतंय असं मानायचं. त्यानं हात कधीच तयार होत नाही. चुकलं तर परत हात ठेव आणि कुठं फसलीस ते शोध. दोन-तीन महिन्यांत तुझा तुलाच फरक कळेल.

ठोक्यांचंही तसंच. ठोके ऐकवणारं मशीन, म्हणजे डॉपलर, असला तरी साधा फिटोस्कोप कानाला लावायला शीक. डॉपलरची बॅटरी रात्रीच संपते. पाठ ज्या बाजूला लागली त्या बाजूला, डोकं खाली असेल तर बेंबीच्या खाली ऐक. ऐकताना दुसऱ्या हाताची बोटं बाईच्या मनगटावर ठेव. तुला ऐकू येणारे ठोके आणि तिची नाडी एकाच चालीत असतील, तर तू बाळाचे नव्हे, आईचे ठोके ऐकते आहेस. बाळाचे मिनिटाला ११० ते १६० असायला हवेत. कळ संपल्यावर लगेच पूर्ण मिनिट ऐक, कारण खाली गेलेले ठोके तेव्हाच सापडतात. पंधरा सेकंद ऐकून चारानं गुणणं हा आळस आहे.

पीव्ही दर चार तासांनी, आणि मधे काही कारण घडलं तर. आत्मविश्वास नसला की मुली तासा-तासाला पीव्ही करत बसतात. बाईला त्रास होतो, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि हाती काही लागत नाही. पोटावरून कळलं नाही ते पीव्हीत कळेल, ही आशा सोड. दोन्ही एकमेकांना पूरक असतात.

पार्टोग्राफबद्दल थोडं कडू बोलते. तो बाळंतपण झाल्यावर, चहा पिता पिता, सुरेख सरळ रेषेत भरलेला मी इतक्यांदा पाहिलाय की नवीन मुलींना तसाच भरायचा असतो असं वाटतं. तुला तर शिकवलाही तसाच गेला असेल, कारण स्क्रीनवर काल्पनिक बाईचे आकडे देऊनच आम्हीही शिकवला, दुसरा उपायच नव्हता. त्याचा उपयोग फक्त तेव्हाच, जेव्हा तो खाटेशेजारी, घड्याळ बघून भरला जातो. आपल्या छापील फॉर्मवर तोंड ४ सेंटिमीटर उघडल्यापासून सुरुवात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२० मध्ये नवीन लेबर केअर गाइड काढलं, त्यात प्रसूतीचा वेग घेणारा टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरलाय आणि सोबतीला कुणी आहे का, बाई काही खाते-पिते का, याचीही बाळाच्या ठोक्यांसारखीच नोंद मागितली आहे. तुझ्या केंद्रात जो फॉर्म आहे तोच वापर, पण यातली दृष्टी घे. रेषा उजवीकडे सरकायला लागली की प्रसूती रेंगाळतेय हे तुला दीड-दोन तास आधीच कळतं, आणि पश्चिमेकडच्या घाटरस्त्यांवर ते दीड-दोन तास फार मोलाचे असतात. पावसाळ्यात तर जास्तच.

आता रक्तस्राव. इथं तुला एकटीला उभं राहायचं आहे, म्हणून शांतपणी तालीम कर. बाळ बाहेर आलं, पोटात दुसरं नाही याची खात्री झाली, की मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट मांडीत. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापायची, वार (प्लॅसेंटा) हलक्या हातानं, वरून गर्भपिशवीला आधार देऊन काढायची. हे तुला पाठ आहे. तुला न दाखवलेला भाग पुढचा. वार पडल्यावर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी गर्भपिशवी टणक आहे का ते हातानं बघणं आणि पॅडखाली हात घालून रक्त बघणं. पीपीईच्या काळात बाळ झालं की सगळ्या बाहेर पडायच्या. ती सवय अंगात राहिलेली मी पुष्कळ मुलींत पाहते.

रक्त किती गेलं याचा डोळ्यांचा अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो. मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी कुल्ल्याखाली ठेवून रक्त मोजायचं आणि ठरलेले उपचार एकामागून एक न करता एकदमच सुरू करायचे, या पद्धतीचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गंभीर रक्तस्राव वगैरे मोठ्या गुंतागुंती ६० टक्क्यांनी कमी झाल्या. पोटावरून गर्भपिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड १ ग्रॅम शिरेतून सावकाश, सलाइन, आणि कुठं फाटलंय का, वारेचा तुकडा राहिलाय का हे बघणं, सगळं एकत्र. शिकवताना आपण ५०० मिलीची रेषा सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या सूचना म्हणतात की ३०० मिली गेलं आणि नाडी किंवा बीपी बिघडलं तरी थांबू नका. आपल्याकडे हे फार लागू आहे. हंगामात ऊसतोडीला आलेली बाई, हिमोग्लोबिन सात-आठ, गरोदरपणात शेवटपर्यंत मोळ्या उचललेल्या, तपासणी अर्धी गावाकडे आणि अर्धी कुठेच नाही. तिला ५०० पर्यंत जाऊ द्यायचं नसतं. तिची नाडी आधी वाढते, बीपी फार उशिरा पडतं.

मावशीला आणि ड्रायव्हरला घेऊन दिवसा एकदा सगळं करून बघ. फ्रिजमधलं ऑक्सिटोसिन मावशीला अंधारात सापडतं का? लाइट गेली तर टॉर्च कुठं आहे? मोठ्या मापाची शिरेची सुई ट्रेमध्ये आहे का? १०८ ला फोन कुणी करायचा, डॉक्टरांना कुणी? झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम खोलवर, देऊनच पुढं पाठवायचं. तशा अँप्युल्स किती फोडाव्या लागतात ते आधी मोजून ठेव. ऐन वेळी गणित सुचत नाही. बाळासाठी वॉर्मर आधीच चालू, बॅग आणि मास्क तळहातावर दाबून तपासलेला. रडलं नाही तर पुसून, पाठ चोळून, मान सरळ करून पहिल्या मिनिटाच्या आत बॅगनं श्वास द्यायचा. हे मात्र तुला पुतळ्यावर चांगलं येत असणार, आणि हे पुतळ्यावर शिकून खरंच भागतं. तेवढं श्रेय पुतळ्याला देऊया.

तुझं आयसीयूचं काम वाया गेलेलं नाही. बिघडत चाललेला पेशंट तू लांबून ओळखतेस, श्वास मोजतेस, ऑक्सिजन सिलिंडर स्वतः जोडतेस, नातेवाइकांशी वाईट बातमीही बोलू शकतेस. जुन्या सिस्टरांपैकी कित्येकींना हे जमत नाही. मे २०२१ मध्ये बीएस्सी आणि जीएनएम झालेल्या नर्सेसना पूर्णवेळ कोविड ड्यूटीवर घ्यायचा निर्णय केंद्रानं घेतला, तेव्हा तुमच्या मागच्या-पुढच्या कितीतरी मुली बाळंतपण न बघता थेट व्हेंटिलेटरजवळ उभ्या राहिल्या. त्या वयात एवढे मृत्यू बघायला नको होते. त्याचं ओझं अजून वाटत असेल तर एखाद्या मैत्रिणीजवळ, बॅचमेटजवळ बोल. आपल्या पेशात हे बोलायची पद्धत नाही आणि ते चूक आहे.

काही गोष्टी मात्र मुद्दाम विसरायला हव्यात. बाईला एकटं ठेवणं ही कोविडची सवय. कोविड झालेल्या बाईजवळही तिच्या पसंतीचं माणूस असावं आणि मास्क लावून, हात धुऊन तिनं बाळाला पाजावं, बाळ तोडू नये, असंच जागतिक आरोग्य संघटना तेव्हाही सांगत होती. आपण घाबरून उलट केलं. आता आई, नणंद, जाऊ, जी कोण असेल तिला आत घे. बाळ पुसून लगेच आईच्या उघड्या छातीवर. सासूबाई “वार पडू दे, मग घ्या बाळाला” म्हणतील, हसून समजाव. मास्क आणि हात धुणं राहू दे, ते चांगलंच आहे. खाटेपासून चार फूट लांब उभं राहून “जोर लाव, जोर लाव” ओरडणं मात्र सोड. जवळ जा, आणि डोकं टेकेपर्यंत जोर लावायला सांगूही नकोस, तिचं तिला कळतं.

कागदोपत्री एक काम लगेच कर. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन २१ दिवसांचं एसबीए (कुशल प्रसूती साहाय्यक) प्रशिक्षण आणि नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं प्रशिक्षण माग. कंत्राटी असलीस तरी मागता येतं. जिथं बाळंतपणं भरपूर होतात अशा ठिकाणी हे प्रशिक्षण असतं, म्हणून त्यात निम्मी कसर निघते. तिथं गेल्यावर प्रसूतीच्या क्षणी पुढं घुसायची चढाओढ सुरू असेल; तू त्यात पडू नकोस. दाखल होणारी बाई धर आणि तिच्याजवळ बस. १८ महिन्यांचा नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफचा कोर्स मनात असेल तर उत्तमच, पण तो नंतर. आधी हात तयार कर.

आणि तुझ्याकडे येणाऱ्या एएनएमच्या मुली. त्यांना तू काय शिकवणार, असं विचारतेस. त्यांच्याबरोबर शिक. पोटावर आधी त्यांनी हात ठेवायचा, मग तू, दोघींनी वेगवेगळं लिहायचं आणि मग ताडून बघायचं. त्यांच्या केस बुकात ‘पाहिलं’, ‘मदत केली’ आणि ‘स्वतः केलं’ असे तीन रकाने आखायला लाव, आणि स्वतः केलेल्या रकान्यात बाळाचं डोकं त्यांच्या हातात आलं असेल तरच सही कर. त्या रडतील, कॉलेजातून फोन येईल, “सिस्टर, एवढं काय?” म्हणतील. सही देऊ नकोस. त्याऐवजी त्या मुलीला सांग की पुढची बाई दाखल झाली की तुला फोन करते, रात्री दोन वाजता आला तरी ये. आणि खरंच फोन कर.